गव्हाचे वावडे आणि आपले कोकणी अन्न
(मंडळाच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात आरोग्यविषयक एखादे व्याख्यान असावे हा प्रघात जुना आहे. मधुमेह आणि हृदयविकार यांवरची भाषणे आपण यापूर्वी ऐकली आहेत. यंदा कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'सिलिअ‍ॅक' असे नाव सांगितले आणि त्यांनी ते मला दोनदा उच्चारावयास लावले. नाव अपरिचित आहे खरे. तथापि या सभागृहात बसलेल्या कुटुंबांपैकी निदान तीन कुटुंबांत हा विकार आहे हे मला ठाऊक आहे आणि त्यांच्या संमतीनेच मी आज बोलत आहे. नावे अर्थातच घेणार नाही.

गहू, जव आणि राय या तीन धान्यांत ग्लुटेन नावाचे एक चिवट प्रथिन असते. कणीक मळल्यावर ती ताणली जाते, पोळी पातळ लाटता येते, पाव फुगतो, ही सारी त्याचीच किमया. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत राहिल्यास पिठूळ भाग वाहून जातो आणि हातात डिंकासारखा जो लगदा उरतो, तो मुख्यत्वे ग्लुटेनचा. बहुसंख्य माणसांना ते निरुपद्रवी असते. परंतु काही जणांच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा या प्रथिनाला शत्रू मानते आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच आतड्यावर घाव घालते. लहान आतड्याच्या अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. ते अंकुर झिजून सपाट होतात. मग ताटात पंचपक्वान्ने असली तरी शरीर मात्र उपाशी राहते. या विकाराचे खरे स्वरूप हेच होय.

इंग्लंडमधील डॉ. सॅम्युएल गी यांनी १८८८ साली या विकाराचे उत्तम वर्णन केले आणि तो बरा व्हावयाचा असेल तर आहारानेच होईल असेही म्हटले. कोणत्या आहाराने, हे मात्र पुढे साठ वर्षे कोणास नीट उमगले नाही. मध्यंतरी अमेरिकेत अशा मुलांना केळ्यांवर ठेवीत आणि ती सुधारत. श्रेय केळ्यांना मिळे. वस्तुतः गुण येई तो पाव बंद झाल्यामुळे. हे कोडे हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी सोडविले. एका आईने त्यांना सांगितले होते की, पाव बंद केला की माझे मूल सुधारते. डिके यांनी ते बोलणे हसण्यावारी नेले नाही. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे त्या देशात पावाचा दुष्काळ पडला असता, इतर मुले खंगत असताना ही आजारी मुले सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध सादर केला आणि गव्हाचा दोष सिद्ध झाला. आईचे निरीक्षण किती मोलाचे असते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या देशात फार काळ असे मानीत की हा गोऱ्या लोकांचा रोग आहे. उत्तर भारतातील मुलांमध्ये तो आढळल्याचा लेख १९६६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला, तरी समजूत लवकर हटली नाही. जुलाब आणि कृशता दिसली की आपण 'संग्रहणी' म्हणून मोकळे होत असू. नंतर देशाच्या उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भागांतील तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. उत्तरेत साधारण शंभरांत एकाला हा विकार आढळला, तर दक्षिणेत साधारण दहा हजारांत एकाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या विकाराला अनुकूल असा आनुवंशिक गुण दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणात, सुमारे एकतृतीयांश लोकांत, होता. फरक होता तो ताटात. उत्तरेतील माणूस दिवसाला सरासरी साडेचारशे ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेतील पंचवीस ग्रॅम.

आता आपल्याकडे वळू. कोकण हा भाताचा आणि नाचणीचा मुलूख. आपल्या आज्यांच्या काळी गव्हाची पोळी सणावारी होई. एरवी तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पेज, आंबोळी, घावन आणि कुळथाचे पिठले. पुढे १९५६ साली अमेरिकेशी धान्याचा करार झाला, रेशनच्या दुकानांतून गहू आला, घरातील कर्ता पुरुष मुंबईस राहून पोळी-भाजीचा डबा खाऊ लागला, आणि सुटीत गावी आला की त्याच्यासाठी पोळ्या लाटल्या जाऊ लागल्या. पोळी ही प्रतिष्ठेची आणि भाकरी गरिबीची असे एक समीकरण हळूहळू घराघरांत रुजले. मला हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, आपल्या ज्ञातीतही ते रुजले. नाचणीची भाकरी पाहुण्यांच्या पानात वाढण्याची लाज वाटावी, यात अन्नाचा काही अपराध नव्हता. आज तर सकाळी चहाबरोबर बिस्किटे वा खारी, शाळेच्या डब्यात पोळी, संध्याकाळी पाव किंवा शेवयांचा झटपट प्रकार आणि रात्री पुन्हा पोळी, असा बहुतेक घरांचा क्रम झाला आहे. जो आनुवंशिक गुण पिढ्यान्‌पिढ्या निद्रिस्त होता, त्याला आपण चारी ठाव गहू घालून जागे करीत आहो, असे मला वाटते.

विकार ओळखणे कठीण, कारण तो नेहमी पोटाच्या तक्रारीच्या रूपाने येत नाही. माझ्या पाहण्यातील एक मुलगी घ्या. वय वर्षे तेरा, उंची नवव्या वर्षाला शोभेल इतकी. पोटाची विशेष तक्रार नाही. क्वचित फुगते एवढेच. रक्तातील हिमोग्लोबिन सात. दोन वर्षे लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि आकडा सातावरून हलत नव्हता. आई काकुळतीने सांगे की, मी स्वतः समोर उभी राहून गोळी देते. घरातील इतर मंडळी म्हणत की, पोर खाण्याची नाटके करते. वस्तुतः लोह शोषले जाते ते लहान आतड्याच्या अगदी आरंभीच्या भागात, आणि या विकारात सर्वांत आधी व सर्वांत जास्त झिजतो तो नेमका तोच भाग. गोळी गिळली जात होती, परंतु शरीरात पोचत नव्हती. रक्तातील प्रतिद्रव्यांची तपासणी केली, ती फार वाढलेली निघाली. कोल्हापुरास नेऊन दुर्बिणीने आतड्याच्या अस्तराचा नमुना काढला. निदान पक्के झाले. गहू बंद झाल्यावर तीच गोळी लागू पडली. पुढच्या दोन वर्षांत ती सहा इंच वाढली.

याच आरंभीच्या भागात कॅल्शियम आणि फोलेट यांचेही शोषण मुख्यत्वे होते. म्हणून या रोग्यांत पांडुरोगाबरोबर हाडांची ठिसूळता आढळते. चाळिशीतील गृहस्थाचे मनगट साध्या पडण्याने मोडते. चरबी पचत नसल्याने 'ड' आणि 'अ' ही जीवनसत्त्वे वाया जातात. जस्त कमी पडते, भूक मंदावते, जखम लवकर भरत नाही. मुलींना ऋतुप्राप्ती उशिरा होते. विवाहित स्त्रियांत वारंवार गर्भपात होऊ शकतो. काहींना तोंडात सतत फोड येतात, काहींच्या दातांवरचे कवच नीट बनत नाही. थायरॉइडचा विकार आणि लहानपणी होणारा मधुमेह यांच्याशीही याचे नाते आहे. तेव्हा औषध देऊनही न हटणारा पांडुरोग, खुंटलेली उंची, अकारण झिजलेली हाडे, यांपैकी काही घरात असेल तर आपल्या डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारावा. रोग्याच्या आईवडिलांची, भावंडांची व मुलांचीही रक्ततपासणी करावी, कारण अशा जवळच्या नात्यात शंभरांत सातआठ जणांना तो असतो.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. संशय आला म्हणून तपासणीपूर्वीच गहू सोडू नये. गहू सोडला की प्रतिद्रव्ये उतरू लागतात, अस्तर भरून येऊ लागते, आणि मग निदान धड होतही नाही व नाकारताही येत नाही. आणि ज्यांना हा विकार नाही त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून गहू वर्ज्य करण्याचे कारण नाही. हल्ली तशी एक लाट आली आहे. तिच्याविषयी मला आदर नाही.

आहारातील उणिवांविषयी बोलताना एका इंग्रज विदुषीचे स्मरण करणे मला आवश्यक वाटते. डॉ. ल्युसी विल्स १९२८ साली मुंबईस आल्या. गिरण्यांतून राबणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना होणारा तीव्र पांडुरोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मुंबईच्या गिरण्यांतील फार मोठा कामगारवर्ग त्या काळी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेला होता, हे आपणांस सांगावयास नको. विल्स यांना असे आढळले की, या पांडुरोगावर यीस्टचा अर्क देताच रक्त झपाट्याने सुधारते. त्यांनी हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे हाती लागलेले फोलिक अ‍ॅसिड. आज जगभर प्रत्येक गर्भवतीला जी गोळी देतात, तिचे मूळ अशा रीतीने परळ-लालबागच्या आसपासच्या श्रमजीवी स्त्रियांच्या अशक्तपणात आहे. सिलिअ‍ॅकच्या रोग्याला हीच गोळी लागते. उणीव एकच, कारण निराळे. तेथे अन्नच अपुरे होते, येथे अन्न असून ते अंगी लागत नाही.

उपचार एकच आणि तो जन्मभराचा: गहू, जव व राय पूर्ण वर्ज्य. 'पूर्ण' या शब्दावर मी मुद्दाम भर देतो. एका पोळीचे पन्नास तुकडे केले आणि त्यांतील एकच तुकडा रोज पोटात गेला, तरी काही महिन्यांत आतड्याचे नुकसान होते असे प्रयोगान्ती दिसले आहे. "एवढ्याशाने काय होते?" हा आपल्या घरांतील प्रेमळ प्रश्न म्हणूनच या रोग्यांचा मोठा वैरी आहे.

गहू पोळीत दिसतो तसा तो लपूनही बसतो. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, मेतकुटात थोडा असतो, आणि सातूच्या पिठात तर असतोच. मासळी रव्यात घोळवून तळण्याची आपल्याकडे रीत आहे. तेथे तांदळाचे पीठ वापरावे, कुरकुरीतपणात मला तरी उणे भासले नाही. परंतु त्याच तेलात आधी रव्याची मासळी तळलेली नसावी. दुधात घालून मुलांना देतात त्या माल्टयुक्त भुकट्या जवापासून बनतात. सर्वांत फसवी जागा म्हणजे पिठाची गिरणी. आपण घरचे निवडक तांदूळ घेऊन जातो, आणि आपल्या आधी कोणी पाच किलो गहू दळून गेलेला असतो. काही गिरण्यांत तांदळाची चक्की निराळी असते. तशी गिरणी शोधावी, नाहीतर घरी लहान घरघंटी घ्यावी. वर सांगितलेल्या मुलीच्या आजींनी तर माळ्यावरचे जाते खाली उतरविले. त्या म्हणाल्या, "एवढे वर्षांचे ते वर पडून होते, आता त्याला काम मिळाले." घरात तवा, पोळपाट, चाळणी आणि पिठाचा डबा वेगळा ठेवणे क्रमप्राप्त आहे. बाजारचा बांधीव पदार्थ घेताना 'ग्लुटेनमुक्त' अशी अक्षरे पाहावीत. आपल्या देशाच्या नियमानुसार असे लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये.

यात समाधानाची बाब अशी की, पंजाबातील रोग्याला जे नवे शिकावे लागते ते आपल्या घरात पूर्वापार आहे. भात, भाकरी, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, पातोळ्या, फणसाचे सांदण, खांडवी, गौरीच्या नैवेद्याचे घावन-घाटले, यांत गव्हाचा कण नाही. उपवासाचे वरी तांदूळ, राजगिरा, शिंगाडा व साबुदाणाही चालतात. एक रोगी थट्टेने म्हणत असे की, माझी बारमाही एकादशी आहे. मात्र येथेच एक धोका आहे. गहू गेला म्हणून निव्वळ पांढरा भात आणि साबुदाणा यांवर राहिले तर पोट भरते पण उणिवा तशाच राहतात. नाचणीला परत मानाने पानात बसवा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात दहाच्या आसपास. मोड आणून दळल्यास त्यातील क्षार अधिक चांगले अंगी लागतात. कुळीथ, मूग, वाल यांतून प्रथिने व लोह मिळते. शेवग्याचा पाला, माठ आणि पावसाळ्यातला टाकळा यांतून लोह व फोलेट. पालेभाजीवर लिंबू पिळावे, कारण 'क' जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते. आपल्या काजूच्या बोंडांत ते संत्र्याहून कितीतरी पट असते, आणि ही बोंडे आपण बागेत कुजू देतो! जेवणावर लगेच चहा घेऊ नये. तो लोहाला अडवितो. मासे खाणाऱ्यांनी लहान मासळी काट्यांसकट खावी. जे शाकाहारी आहेत त्यांनी 'ब-१२' ची तपासणी अवश्य करावी. आरंभी काही आठवडे दूध पचेनासे होते, कारण दुधातील साखर पचविणारा रसही त्या झिजलेल्या अंकुरांतच तयार होतो. अस्तर भरले की बहुतेकांना दूध पुन्हा मानवते, तोवर ताक-दही घ्यावे.

आहार सुधारला म्हणजे गोळ्यांची गरज नाही असे मात्र नव्हे. निदानाच्या वेळी हिमोग्लोबिन व लोहाचा साठा, फोलेट, 'ब-१२', 'ड' जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड, आणि प्रौढांत हाडांची घनता, एवढे पाहून उणीव असेल तेथे औषधाने भरून काढावी. सहा महिन्यांनी, नंतर वर्षाने, प्रतिद्रव्ये उतरली की नाही हे तपासावे. मुलांचे आतडे लवकर भरते. प्रौढांना दोन वर्षे किंवा अधिकही लागतात. बरे वाटू लागले म्हणून कोणी पुन्हा पोळी सुरू करतो, आणि काही काळ काही होत नाही, म्हणून त्याला वाटते की रोग गेला. रोग गेलेला नसतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे व्यासपीठ मुद्दाम निवडले ती सांगतो. डॉक्टरच्या खोलीत ती सांगून उपयोग नाही, कारण तिचा निर्णय तेथे होत नसून आपल्या बैठकीच्या खोल्यांत होतो. ती मुलगी आज पंचवीस वर्षांची आहे, शिकलेली आहे, नोकरी करते. तिच्या विवाहाची बोलणी सुरू झाली तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला असा पडला की, हे कोणास सांगू नये, लग्नानंतर पाहू. हेतू वाईट नव्हता. परंतु 'लग्नानंतर पाहू' याचा अर्थ काय होतो ते ध्यानी घ्या. नव्या सुनेने पहिल्या दिवसापासून पानातील पोळी खावी, पुरणपोळीचा आग्रह स्वीकारावा, सत्यनारायणाचा रव्याचा शिरा प्रसाद म्हणून घ्यावा, आणि आपला आजार आपल्याच हातांनी वाढवावा. मग वर्षभरात रक्त उतरते, गर्भ राहत नाही किंवा टिकत नाही, आणि दोष तिच्याच नशिबाला दिला जातो. उलट पथ्य सांभाळणाऱ्या स्त्रीचे बाळंतपण इतरांसारखेच सुखरूप होते. संततीला हा विकार होईलच असे नाही; तो आनुवंशिक गुण असणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो जन्मात कधी होत नाही. डोळ्याला चष्मा आहे हे आपण सांगतो, तितक्याच सहजपणे हेही सांगता आले पाहिजे. त्या मुलीने स्वतःच पहिल्या भेटीत सांगितले. एका घराने नकार कळविला. दुसऱ्या घराच्या सासूबाईंनी विचारले, "म्हणजे तांदळाची भाकरी चालते ना? मग आमच्याकडे रोज तीच असते." पुढची बोलणी चालू आहेत, अधिक बोलण्याचा मला अधिकार नाही.

आपल्या वधूवर सूचक विभागाकडे अशा स्थळांची माहिती आली तर ती कुजबुजीचा विषय होऊ नये, एवढी मी त्या विभागाच्या सदस्यांना विनंती करतो. दुसरी विनंती भगिनी मंडळाला. हळदीकुंकवाला, बारशाला, पूजेला या मुली येतात आणि हात आखडून बसतात. कोणी आग्रह केला की डोळ्यांत पाणी येते. लहान मुलाने प्रसाद नाकारला की भोवतालची माणसे दचकतात. शिऱ्याच्या पातेल्याशेजारी खोबरे-साखर वा पंचखाद्य एका वाटीत ठेवावे. तांदळाच्या रव्याचा शिराही उत्तम होतो. ज्यांच्या घरी पूजा असेल त्यांनी सर्वांसाठीच तसा करून पाहावा.

आता भोजनाची वेळ झाली आहे आणि आचारी माझ्याकडे पाहत आहेत, म्हणून एवढेच सांगून थांबतो. आजच्या पंगतीत भात, हिंगाशिवाय फोडणी दिलेली आमटी, उसळ, घावन आणि तांदळाची खीर हे जिन्नस उजव्या हाताच्या टेबलावर झाकून वेगळे ठेवले आहेत. ज्यांना पथ्य आहे त्यांनी तेथून प्रथम वाढून घ्यावे. वाढपी मंडळींना विनंती अशी की, त्या पातेल्यांतील पळ्या तेथेच राहू द्याव्यात. पोळीला लागलेला हात किंवा दुसऱ्या पातेल्यातील पळी तेथे जाऊ देऊ नये.